सोफ्यावर कुणी बसायचं नाही

ती. ताईस,

सप्रेम नमस्कार. तुझी तब्येत आता बरी असेल असं धरून चालतो, कारण पुढचं वाचायला ती बरी असावी लागेल. भाऊजींच्या गुडघ्याची चौकशी मागच्या पत्रात राहून गेली, तीही इथेच उरकतो. मी मजेत आहे. म्हणजे होतो, रविवारपर्यंत.

आत्या जाऊन वर्ष झालं, तिने दोघांच्या नावावर ठेवलेलं घर विकून मोकळं व्हायचं असं आपण ठरवलं, आणि जवळ राहतो म्हणून ते जू माझ्या मानेवर आलं. तू बजावलं होतंस की गिऱ्हाइकासमोर तोंड कमी उघड. मी शब्द पाळला. एजंटने (हा माणूस गळक्या नळालाही 'पाण्याची सोय' म्हणतो) रविवारी एक कुटुंब आणलं. नवरा-बायको, दोन पोरं आणि पोरांची आजी. मी मागे हात बांधून नुसता हसत उभा. स्वयंपाकघर पसंत पडलं. मागचं दार खालून लाथ घातल्याशिवाय उघडत नाही, हेसुद्धा मी गिळलं.

मग मंडळी बाहेरच्या खोलीत आली. तुला ती खोली आठवते ना? आठवते कसली, आपण ती दारातूनच पाहिलेली. आई-बाबांच्या मागे आत्याने आपल्याला वाढवलं, कशाला म्हणून कमी केलं नाही, पण तो लाल सोफा पाहुण्यांचा. आणि पाहुणे आले तरी ते तिच्या लेखी त्या योग्यतेचे नसायचे, त्यांना खुर्च्या. भाऊजी पहिल्यांदा घरी आले तेव्हा तरी सोफ्यावरचं प्लास्टिक निघेल असं वाटलं होतं, पण त्यांना स्टूल मिळालं. (ते त्यांनी अजून मनात ठेवलंय, मला माहीत आहे.)

तर त्या पोरांनी चपलांसकट सोफ्यावर उडी मारली. प्लास्टिक करकरलं. आणि ताई, माझ्या तोंडून आत्याच बोलली.

"उठा आधी तिथून! तुमच्यासाठी ठेवलाय का तो?"

आवाजही तिचाच, शेवटी चिरकणारा. पोरं उठली, खुर्चीवरचा त्यांचा बापही उठला, आणि एजंट, जो आधीच उभा होता, तो आणखी ताठ झाला. सगळे निमूटपणे निघून गेले. मी तिथेच जमिनीवर बसून रडलो. वर्षभर डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, लोक नावं ठेवायचे. तिचा ओरडा ऐकायला मी एवढा आसुसलो होतो, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

दारी चालून आलेलं गिऱ्हाईक हाकललं, आता काय बोलायचं ते बोल.

तुझा,
(अजून न सुधारलेला) धाकटा

ता. क. घाबरू नकोस. काल ती आजी एकटीच परत आली. म्हणाली, जिथे सोफ्याला इतकं जपलंय तिथे भिंतीही धड असणार. घर घेताहेत. अट एकच, सोफा घरासोबत हवा. पोरांना त्यावर बसू देणार नाही असंही तिने आपणहून सांगितलं.

पुन्हा ता. क. ती गेल्यावर मी प्लास्टिक काढून सोफ्यावर बसलो. टोचतो गं. यासाठी आपण धपाटे खाल्ले!

आणखी एक. सहीला तू लागत नाहीस, एजंट म्हणतो तू दिलेल्या मुखत्यारपत्रावर माझी एकट्याची चालते. तरी ये. एकदा दोघं शेजारी शेजारी बसू, मग देऊन टाकू. भाऊजींनाही आण, त्यांना मधे बसवू. पाय तेवढे धुऊन या.