टाळू भरेपर्यंत

५ जानेवारी २००९
आलो एकदाचे! हातकणंगल्याहून टेम्पोत निम्मा संसार आणि निम्मा नागसेनचा राग. शिरोली एमआयडीसीच्या मागे, उसाला लागून हे संशोधन केंद्र. पाटी एवढीशी, कुंपण मात्र चांगलं उंच. आम्हाला गोठ्यामागची खोली मिळाली. नागसेनची फाउंड्री इथून सायकलवर दहा मिनिटं, त्यामुळे साहेबांचा राग संध्याकाळपर्यंत उतरलासुद्धा. जनावरांच्या दवाखान्याची पदविका घेऊन मी दोन वर्षं घरी बसले होते. आता म्हशीच्या नोंदी, इंजेक्शनं आणि देखभाल माझ्याकडे. सम्राट आठ महिन्यांचा आहे. त्याची झोळी गोठ्यातच बांधा, असं केंद्राचे प्रमुख अतुलसर आपणहून म्हणाले. माणूस भला वाटतो.

९ जानेवारी
म्हैस एकच, साळू. तिचं रेडकू मेलंय. अशी म्हैस पान्हा चोरते. गोठ्याचे म्हातारे गवळी केरबामामा सांगत होते, पूर्वी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवायचे. सरांची युक्ती वेगळी आहे. शेवाळाला उजेड कळतो. तो गुण त्यांनी एका विषाणूवर चढवून साळूच्या मेंदूतल्या पेशींत पोचवलाय. तिच्या कपाळावर रुपयाएवढी जागा भादरलीय, तिथून केसासारखी बारीक काचेची तार आत जाते. तारेतून निळा उजेड सोडला की साळू शांत होते, चारा खाते, पान्हा सोडते. उजेड बंद केला की लाथा. मी तर टाळ्याच वाजवल्या.
दूध मात्र खड्ड्यात ओतायचं, अशी सक्त ताकीद आहे.

२० जानेवारी
माझं दूध आटत चाललंय. आज केरबामामांनी धार काढता काढता पेला भरला आणि माझ्यापुढे धरला. कोल्हापूरच्या माणसाला कट्ट्यावर म्हशीखाली पेला धरून प्यायची सवय, धारोष्ण दुधाला नाही म्हणणं जिवावर येतं. तरी मी सरांची ताकीद सांगितली. मामा म्हणाले, “दूध वतून टाकतंय व्हय कोण? अंगावर पोर हाय तुझ्या. पी गप.”
प्यायले. उद्याही पिणार आहे. सरांना कशाला कळतंय?

१४ फेब्रुवारी
रोजच्या पेल्याने दूध एवढं वाढलं की सम्राटला पुरून उरतं. शिवाय एक गंमत. तार जोडण्याआधी सर निळा दिवा खांबाला टांगून तपासतात. खाली झोळी. दिवा लागला की सम्राट रडायचा थांबतो, ओठ हलवतो, आणि घेतलं की घटाघटा पितो. नागसेनला सांगितलं तर म्हणे, बापावर गेलाय, जाळ बघितल्याशिवाय मलाही भूक लागत नाही.

२ मार्च
गंमत नाही ही. दिवा विझला की तो पिता पिता थांबतो. तोंड तसंच उघडं, दूध गालावरून ओघळतं. घरी घेतलं की मान फिरवतो. बाटली नको, पेज नको, केळं नको. मंगळवार पेठेतले डॉक्टर म्हणाले, दात येत असतील.

६ मार्च
आज त्याच्या डोक्याला कुंची होती. दिवा लागला तरी प्याला नाही. कुंची काढली, प्याला. मग त्याचे डोळे पदराने झाकले, तरी पीत राहिला. टाळूवर तळहात ठेवला आणि थांबला.
टाळू भरलेली नाही अजून. उजेड तिथून आत जातोय. साळूच्या दुधातून तो विषाणू माझ्यात आला, माझ्यातून त्याच्यात गेला. मी पाजलं. मीच.

११ मार्च
सरांपुढे हात जोडले, पेल्याचं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. टाळू बोटाने मोजली, वहीत लिहिली. म्हणाले, भुकेच्या त्या पेशींना उजेडाची सवय लागलीय, आता त्या आपण होऊन जाग्या होणार नाहीत. एक दिवा घरी न्यायला दिला. केरबामामा ऐकून भिंतीकडे तोंड करून बसले, धार काढायला उठले नाहीत.

८ एप्रिल
भारनियमन. सहा तास वीज नाही, सहा तास पोर उपाशी. नागसेन धावत जाऊन कुठूनशी बॅटरी घेऊन आला. तिच्यावर दिवा लागला, तेव्हा कुठे प्याला.

२७ एप्रिल
मागच्या मंगळवारी साळूची तार तुटली. नवी यायला आठ दिवस लागणार होते. तेव्हापासून तिने चाऱ्याला तोंड लावलं नाही, पाण्यालाही नाही. आज गेली. पुढ्यात हिरवा मका तसाच पडलाय. मी बघत राहिले, मला साळू दिसतच नव्हती.

१५ मे
टाळूवर तेल घालताना पूर्वीसारखं बोट बुडत नाही. शेजारची बनाबाई म्हणाली, बरं झालं, टाळू भरत आली. मी खोलीत येऊन रडले. दिवा टेकवून धरते. तीन घोट.

२३ मे
एक घोट. मोठ्या दवाखान्यात नाकातून नळी घातली, सगळं ओकला. वजन — नाही लिहीत.

२६ मे
सर म्हणाले, “तार घालता येईल. म्हशीत केलंय, माणसात नाही. तुम्ही सांगा.”
नागसेन नाही म्हणाला. माझ्या पोराची म्हैस करू देणार नाही म्हणाला. आता दाराशी बसून रडतोय —

२८ मे
टाळू भरली.
दिवा जवळ, अजून जवळ — तोंड उघडत नाही —

२९ मे
नागसेन पहिल्या पाळीला गेला. सरांना मीच निरोप धाडला.
जावळ काढायचं राहिलंच होतं. मामाच्या मांडीवर काढतात, पण केरबामामा आले नाहीत. माझ्याच मांडीवर घेतलं. वस्तरा साळूचा. किती मऊ केस. रुपयाएवढी जागा, जास्त नाही —
तो बघतोय माझ्याकडे. हलत नाही.
सर दारात आलेत. डोकं मी घट्ट धरायचंय म्हणतात. धरते. सम्राट, थोडंच दुखेल, आत्ता दिवा लागेल हं, आत्ता तुला भूक —