चिनी गुलाबाची पट्टी आणि थोरली जाऊ

मी धनुबाई भ्रतार झिपरू पाटील, वय अदमासे सत्तेचाळीस, राहणार सारंगखेडे, तालुका शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश, हा कागद स्वतःच्या हाताने लिहिते. नवऱ्याचं नाव कागदाला लागतं म्हणून लिहिलं, तोंडाने घेतलेलं नाही. माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने समोर येऊन विचारावं. मी मराठी दुसरी शिकले आहे. भिला मास्तर शब्दाशब्दाला चूक काढू लागला, म्हणून त्याला ओट्यावर बसवला आहे.

सोमवारी धुळ्याला दवाखान्यात पोटातली गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणतो, बरी होऊन येशील. माझंही तेच म्हणणं आहे. पण मुलगा मगन याचा भरवसा नाही, म्हणून हे मृत्युपत्र.

१. घर आणि शेत यांचं आहे. त्यात मी बोलत नाही.

२. चांदीचा कमरपट्टा मुलगी सिंधूला. तिने तो घालावा. पेटीत ठेवून काळा करू नये.

३. माझं लहान खुरपं सून शोभाला. विळी सापडत नाही म्हणून तिने त्या खुरप्याने कांदा चिरलेला मी पाहिला आहे. पुन्हा चिरू नये.

४. आता मुख्य. घरामागची नऊ हात लांब, चार हात रुंद पट्टी मी आईने दिलेले वाळे मोडून घेतली. ती माझी एकटीची. तिच्यावर चिनी गुलाब पसरला आहे, गुलाबी, पिवळा, पांढरा. ऊन चढलं की सगळी पट्टी उघडते आणि दुपार कलली की मिटते. मगनला तिथे तबेला बांधायचा आहे, कारण यंदाच्या जत्रेत तो घोडी घेणार. घोडी खुशाल घ्यावी. दुसरीकडे बांधावी.

ही फुलं मला नदीकाठच्या बंगल्यात बागेचं काम करणाऱ्या रायसिंगने दिली. ओल्या फडक्यात तीन काड्या, एवढंच. त्यांनी मूळ धरलं, त्या पसरल्या, आणि मी भाचीच्या लग्नाला माहेरी गेले. पाणी शिंपडायला थोरली जाऊ मंगलाबाईला सांगितलं होतं. आभाळ आलेलं, फूल एकही उघडलेलं नाही. तिला वाटलं घोळीची भाजी माजली आहे. पान तसंच जाडं, देठ तसाच तांबूस. तिने सगळी खुडली, मुगाची डाळ घालून भाजी केली आणि दोन्ही घरांना वाढली. यांनी दोनदा मागून घेतली. मी परत आले तर वर मलाच विचारतात, घोळ संपली का.

मी वर्षभर मंगलाबाईशी बोलले नाही. तिने कोवळे शेंडे शिजवले होते आणि जून देठ तिच्या परसातल्या भिंतीकडेला फेकले होते. पुढच्या उन्हाळ्यात ती भिंत बुडापासून गुलाबी झाली. तिने मला हाताला धरून नेलं आणि म्हणाली, तू तीन काड्या लावल्यास, मी न बघता भिंतभर लावल्या, आता माळीण कोण ते सांग. मला हसू आलं. काय करणार.

तेव्हापासून ती खुडते, मी लावते. रीत लिहून ठेवते: दोन बोटं लांब शेंडा नखाने खुडावा, मुळासकट उपटू नये. खालची पानं काढून अर्धा दिवस सावलीत सुकू द्यावा. मग तापीच्या वाळूत मिसळलेल्या मातीत खोचावा. पाणी शिंपडावं, ओतू नये. ओतलं की कुजतो. मागायला येईल त्याला शेंडा द्यावा, जात विचारू नये.

५. म्हणून ही पट्टी मी मंगलाबाईला देते. तिने अजून हो म्हटलेलं नाही. ती म्हणते, मगन माझ्या मांडीवर वाढला, त्याच्याशी या वयात वाकडं कोण घेईल, मी फार तर साक्ष करीन. ती हो म्हणाली नाही तर पट्टी मगनकडे जाईल आणि आठ दिवसांत तिथे लीद पडेल. हे मी तिला चार वेळा सांगितलं.

कागद इथपर्यंत लिहून साक्षीदार आत बोलावले. मंगलाबाईने अंगठ्याला शाई लावली. भिला मास्तर म्हणाला की ज्याला मिळायचं त्याने साक्ष करू नये, नंतर भांडण होतं, दोन्हींतलं एक ठरवा. मगन दारातच उभा होता. मंगलाबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अंगठा माझ्या नव्या लुगड्याच्या पदराला पुसला आणि म्हणाली, "माले साक्ष नको. माले फुले जोयजेत."

लुगडं खराब झालं. डाग धुवायचा नाही असं मी ठरवलं आहे. सोमवारी तेच नेसून जाईन.

हे माझं म्हणणं. खाडाखोड माझीच आहे.

सही: धनुबाई

साक्ष: भिला मास्तर (सही)
साक्ष: रायसिंग, बंगल्याची बाग (अंगठा)

मुक्काम सारंगखेडे, शनिवार, तारीख १२ नोव्हेंबर १९३८