करपलेल्या खव्याची साक्ष

आता त्या खव्याला मी "एक नंबर" म्हणालो, हा काय खुनाचा गुन्हा न्हाय, आत्या. महिना झाला, तुम्ही फोन उचलून शेजारच्या बानूबाईंच्या हातात देता. त्या म्हणतात, "कमलबाई शेतात गेल्यात," आणि मागून तुमचाच आवाज येतो, "सांग, रात्री पण शेतातच राहणार हाय." म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो. माझं अक्षर तुम्हाला माहीत हाय, सातवीला मास्तरांनी दिलेल्या छड्या वाया गेल्या. न्हाय लागलं तर दोनदा वाचा, पण चुलीत घालू नका.

रीत राहिली. ती. कमलआत्यांना रणधीरचा पाया पडून नमस्कार. गुडघा कसा हाय? तांबडी म्हैस व्याली का? आपल्या ईट गावाला पाऊसपाणी बरं असंल. इकडं हैदराबादला मी खुशाल हाय, म्हणजे नाक सोडून बाकीचा खुशाल हाय.

तर नाकाचं ऐका. नागपंचमीला गावी आलो आणि आपण दोघं तापानं आडवे झालो, एकाच पातेल्यातला काढा पीत, ते आठवत असंल. ताप गेला, पण जाताना माझा वास घेऊन गेला. आधी मला वाटलं, सर्दी हाय. मग एक दिवस चहा उतू जाऊन शेगडी विझली, गॅस तसाच चालू, आणि मी शेजारी बसून निवांत मोबाईल बघतोय. परत पेटवावी म्हणून काडी काढली, तेवढ्यात उत्कर्ष आला (माझ्या खोलीतला जोडीदार, कळंबचा) आणि त्यानं हातावर असा फटका मारला की काडेपेटी गॅलरीतून खाली गेली. तवापासून मला शेगडीला हात लावायची बंदी हाय. परवा दोन दिवसांची आमटी मी चाटून पुसून खाल्ली आणि मग दिवसभर कुठं बसलो ते लिहीत न्हाय. आपल्या अंगाला वास येतो का हे कळत न्हाय म्हणून दिवसातून तीनदा आंघोळ करतो आणि वर तिघांना पुरंल एवढं अत्तर मारतो. बसमध्ये शेजारचा माणूस आपण होऊन उठतो. जागा ऐसपैस मिळते, तेवढाच फायदा. जेवण म्हणजे नुसतं चावणं. तुमच्या काळ्या मसाल्यातलं तिखट जिभेला चावतं, पण मसाला येतच न्हाय.

नाकाचा डॉक्टर म्हणाला, आतली नस दुखावली, महिने लागतील, धीर धरा. चार बाटल्या दिल्यात. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि तो वास आधी कसा होता ते मनात आणायचं. लवंग हुंगली की दाढ आठवते, वास न्हाय. परवा लिंबातून काहीतरी आलं, पण ते जळक्या रबराचं. डॉक्टर खूश झाला, म्हणाला चांगलं लक्षण हाय. (त्याला रोज रबर हुंगावं लागत न्हाय.)

तुम्हाला काळजी कामाची असंल. मिठाईच्या कारखान्यात मला कढईवर ठेवलंय ते नाकापायीच, आणि ते नाक तुम्ही घडवलं. मी लहान होतो तवा तुम्ही भट्टीपुढं बसवून टॉवेलानं डोळे बांधायच्या आणि दूध खाली लागायच्या आधी मला ओरडायला लावायच्या. वेळेवर ओरडलो तर कढईची खरवड माझी. आता मी कानावर काम भागवतो. दूध आटत आलं की उलथन्याचा आवाज सळसळीवरून फदफदीवर येतो, तिथंच उतरवायचं. वर उत्कर्षला कढईमागं एक चहा कबूल केलाय, तो येता-जाता हुंगून जातो. (तो तंबाखू खातो, त्याला सगळ्याच कढईत तंबाखू येते.) शेठला काही पत्ता न्हाय.

आता खव्याचं. भूमच्या व्यापाऱ्यानं तुमचा खवा करपलाय म्हणून परत केला, तुम्ही ट्रॅव्हल्सवाल्याच्या हातानं त्यातलाच डबा माझ्याकडं धाडला, कारण आपल्या घरात माझ्या नाकाचा शब्द शेवटचा. मी डबा उघडला, हुंगलं, काहीच न्हाय. तुम्हाला कसं सांगू, की तुमच्या रण्याचं नाक गेलं? फोनवर म्हणालो, एक नंबर. मला काय ठाऊक, तुम्ही त्या व्यापाऱ्याच्याच दुकानात उभ्या हायत आणि फोन स्पीकरवर हाय. मग त्यानं तिथल्या सगळ्या गिऱ्हाइकांना खवा हुंगायला लावला, आणि लोक हसले. ते मला बानूबाईंनी सांगितलं. त्या रात्री मी जेवलो न्हाय. माझ्या शब्दावर तुमची मान खाली गेली, आत्या. माफ करा.

तुमच्या भट्टीचा शागीर्द,
रणधीर

ता. क. – एक गोष्ट वर लिहायला धीर झाला न्हाय. उत्कर्ष म्हणाला, त्या खव्याचा करपट वास त्याला तोंडात तंबाखू असताना जिन्यात आला. तो खवा तुम्ही आटवला, थंड केला, डब्यात भरला. शेजारणीचं दूध लागलं तर परसातून हाक मारून सांगणाऱ्या तुम्ही. आत्या, तुम्हालाही वास येत न्हाय ना, त्याच तापापासून? डबा माझ्याकडं भांडणात साक्ष द्यायला न्हाय, तुमच्यासाठी हुंगायला धाडला होता, व्हय ना? असंल तर कुणाला सांगू नका, फक्त एकदा फोन आपल्या हातानं घ्या. तवर गॅसजवळ एकट्या बसू नका, आणि कढई कानानं उतरवा.

आणखी ता. क. – शेठला पत्ता न्हाय लिहिलं ते खोटं. तिसरी कढई करपली तवाच कळलं. आता मी खोकी भरतो, पगार निम्म्यावर आलाय. तरी तुमच्यासाठी कळंबच्या नाकाच्या डॉक्टरची फी, एस.टी.चं जाऊन-येऊन तिकीट आणि चार बाटल्या, एवढं धरून बानूबाईंच्या नातीच्या फोनवर पाठवतोय, दोन हजार तीनशे रुपये.