टपालवाला अजून दारातच आहे

प्रिय भिंगरी,

परवा फोनवर तू म्हणालीस, "त्या टपालवाल्याचं शेवटी काय झालं, तेवढं सांगून टाक बाई." नाही सांगणार. मी फोनवर औषध सांगत नाही आणि गोष्टीचा शेवटही सांगत नाही. वर तू म्हणालीस, "आता तिकडे माझं काय काम? तुम्ही वाचा, मजा करा." त्यावर दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून मी फोन ठेवला. गिऱ्हाईक नव्हतं, राग आला होता. आता तो उतरला आहे, बराचसा.

थंडी यंदा दणदणीत आहे. खोकल्याच्या बाटल्यांना फळी पुरत नाही. रविवारी दुपारी मी शटर अर्ध्यावर ओढते आणि मागच्या खोलीत मंडळी जमतात, तू असताना जमायची तशीच. हीटर तोच, एकाच बाजूने तापणारा, त्यामुळे जागेवरून भांडणंही तीच. समोरच्या शिलाईवाल्या बाईंनी लोकरी कापडाचे उरलेले तुकडे जोडून सगळ्यांना गुडघ्यांवर घ्यायला पांघरुणं शिवली आहेत. माझ्या पांघरुणाला कुणाच्या तरी कोटाचा खिसा आहे. त्यात चष्मा छान मावतो. नियमही जुनेच आहेत. पुस्तक थंडीचंच हवं. वाचणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही (हा मला लागू नाही). आणि शेवटचं प्रकरण त्याच हिवाळ्यात वाचायचं नाही, पुढच्या हिवाळ्याच्या पहिल्या बैठकीला राखून ठेवायचं, म्हणजे सगळ्यांना झक मारत परत यावं लागतं. हा शेवटचा नियम तुझा. मी तेव्हा त्याला पोरकटपणा म्हटलं होतं.

सध्या गोठलेल्या तळ्याकाठी राहणाऱ्या दोन बहिणींची कादंबरी चालू आहे. दातांचे डॉक्टर अजूनही प्रेमाचे प्रसंग "आणखी थोडं उघडा" अशा आवाजात वाचतात. गेल्या रविवारी धाकटी बहीण बर्फात वाट चुकणार होती, तर शिलाईवाल्या बाईंनी आधीच पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, "अहो, ती अजून घरातून निघालीसुद्धा नाही." तर म्हणाल्या, "निघणारच ना पण मेली!"

गाण्याबजावण्याचं मात्र विचारू नकोस. मध्यंतरात तुझं व्हायोलिन नाही, म्हणून डॉक्टरांनी माउथ ऑर्गन आणला. त्यांना एकच धून येते आणि तीही पुरती येत नाही. मग माझ्या सुनेने हिवाळ्याचं संगीत म्हणून मोबाइलवर काहीतरी लावलं. नुसता वारा, आणि मध्येच एखादी घंटा. डॉक्टर म्हणाले, "ही धून आहे, की खिडकी उघडी राहिलीय?" शिलाईवाल्या बाई खरंच उठून खिडकी बघून आल्या. मी इतकी हसले की सून घाबरली. मी हसू शकते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तुझी ती भुरभुर बर्फ पडतानाची धून वाजवायच्या वाटेला मात्र कुणी गेलं नाही. तुझे बोटं कापलेले हातमोजे खुंटीवर आहेत. एकाला कसर लागली होती, रफू करून घेतला.

आणि भावजींची खुर्ची हीटरच्या तापणाऱ्या बाजूलाच आहे. गेल्या उन्हाळ्यात ते गेले, एकटी नको म्हणून तू मुलाकडे गेलीस, आणि यंदा खोलीतली सगळ्यात उबदार जागा रिकामी. तिथे बसू नका असं मी कुणाला म्हटलेलं नाही. उलट बसा म्हणून ओरडले. तरी ही माणसं थंड बाजूला दाटीवाटीने कुडकुडतात.

आता पहिल्या बैठकीचं सांगते. शिरस्त्याप्रमाणे मी टपालवाल्याचं शेवटचं प्रकरण काढलं. आठवतंय ना, शेवटची थैली पाठीवर घेऊन तो बर्फातून त्या एकट्या घरापाशी पोचतो आणि थाप मारायला हात उचलतो, तिथे आपण थांबलो होतो. मी चष्मा लावला. सुनेने चहाचे कप ठेवले. आणि कपांचा आवाज होताच डॉक्टरांच्या तोंडून नकळत निघून गेलं, "हं, कुठवर आलो?"

भावजींचं वाक्य. आख्खं प्रकरण घोरत ऐकायचे आणि चहा आला की डोळे न उघडता विचारायचे, "कुठवर आलो?" जणू इतका वेळ गाडी तेच हाकत होते. डॉक्टर कानापर्यंत लाल. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, अक्षर फार बारीक आहे, पुढच्या वेळी बघू. अक्षर चांगलं ठसठशीत आहे. पुढच्या वेळी शिलाईवाल्या बाईंनीच फर्मान काढलं, "भिंगरीताई आल्याशिवाय ते दार उघडायचं नाही." डॉक्टरांनी मान डोलावली. म्हणून आम्ही तळ्याकाठच्या त्या बहिणींकडे वळलो.

तेव्हा तुझं इथे काय काम, ते आता कळलं असेल. त्या टपालवाल्याचं काय होतं हे मलाही माहीत नाही. पुस्तक माझ्या कपाटात आहे आणि मी ते उघडलेलं नाही. थंडी अजून आहे, पण माझ्या दुकानातल्या बाटल्यांसारखी तिलाही मुदत असते. मुलाला सांग तिकीट काढायला. तो कुरकुरला तर मला फोन लावून दे. व्हायोलिन आण. वाजवलंच पाहिजे असं नाही, नुसत्या तारा जुळवत बसलीस तरी चालेल. फक्त त्या खुर्चीत तू बस. आणि चहा आला की तू विचार, "कुठवर आलो?" सांगायला आम्ही सगळे आहोत.

तुझी वाट बघून बघून चिडलेली, तरी तुझीच,
फौजदारीण