मेघनाची ट्यूब

जबलपूर, मंगळवार, दिवेलागणीला

आज मेघनाला स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. एकोणीस वर्षांची माझी पोरगी, दोन वर्षांपासून मुरमांनी हैराण. तिनं तोंडावरची ओढणी काढली तशी मॅडमनी ती लावत असलेली क्रीमची ट्यूब मागून घेतली. मग त्यांनी विचारलं, "ये ट्यूब किसने दी थी?"

ट्यूब मीच दिली होती. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, मेडिकलवाल्या भैयाला विचारून आणलेली. आठ दिवसांत चेहरा कसा उजळला होता! मीच म्हटलं, रोज लाव. आज कळलं की त्यात स्टेरॉइड होतं. कातडी पातळ झाली आणि मुरूम वाढतच गेले. आता गोळ्या लिहून दिल्या आहेत, पण खड्डे पूर्ण भरणार नाहीत म्हणे.

आणि पोरगी काय म्हणाली? "मैंने खुद ली थी, मैडम. मम्मी को पता नहीं था."

मी गप्प बसली. काहून गप्प बसली मी? मॅडम तिला रागावून राहिल्या होत्या, ती मान खाली घालून ऐकून राहिली होती, आणि मी नुसती पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

ऑटोत विचारलं, "खोटं काहून बोललीस?"

"रहने दो ना, मम्मी. आपको डाँटतीं." वर माझाच हात धरला तिनं. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

घरी ह्यांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाल्या? तेव्हा सांगून टाकलं, ती ट्यूब मी आणली होती. मेघना दारातच उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.