तिसऱ्या वळणावरच्या चार जागा

कोडियाक, अलास्का
६ जून

ती. बाबांस,
नमस्कार. विनंती विशेष काही नाही, तक्रार आहे.

म्हणजे तुम्ही अजून तेच धरून बसलाय. मोटारींच्या शर्यतीला गर्दी एवढी की पाय ठेवायला जागा नव्हती, असं लिहिताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही? बाबा, मी शर्यत बघितलीय. तुम्ही अँडरसनवाले ट्रॅकच्या जवळचे, म्हणून तुमच्याकडे ती दुपारी टीव्हीवर दाखवत नाहीत. लोकांनी तिकीट काढून यावं म्हणून रात्री शिळी करून वाढतात. आम्हाला इथे जगाच्या टोकाला ताजी मिळते. सकाळी आठला, मासळीच्या कारखान्याच्या मेसमध्ये, अंगाला सामन माशांचा वास मारत असताना मी अंडी खात बघितली. ट्रॅकच्या सरळ पट्टीसमोर गर्दी होती, नाही म्हणत नाही. वळणांवर मात्र बाकांचं अॅल्युमिनियम चकाकत होतं. माणसं बसली असती तर ते चकाकलं असतं का?

आणि बघायला मेसमध्ये होतं कोण, तर मी आणि रोमुलो. हा फिलिपिनो, माझ्याच टेबलावर मासे कापतो. त्याने विचारलं, या गाड्या सारख्या डावीकडेच वळतात का. मी म्हटलं, हो. तर म्हणतो, मग एवढी माणसं कानात रेडिओ घालून ड्रायव्हरला वाट कसली सांगतात, चुकायला दुसरा रस्ता आहे कुठे! नुसती खात बसलेली बाकीची मेसही हसली. चार वर्षांपूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याचं ताट उपडं केलं असतं. आता काय सांगू त्याला? गाडी चालवणाऱ्यांपैकी निम्म्यांची नावं मलाच माहीत नव्हती.

आता मुद्द्याचं. मध्येच एक गाडी तिसऱ्या वळणावर भिंतीला घासत गेली. बरोबर आपल्या जागांसमोर. पिवळा झेंडा लागला, सगळे हळू झाले आणि कॅमेऱ्याला दुसरं काही दाखवायला नव्हतं, म्हणून तो तिथेच रेंगाळला. नजरेच्या आड येतो म्हणून तुम्ही दरवर्षी शिव्या घालता तो खांब दिसला. खांबाच्या डावीकडे फोर्ट वेनच्या ओपलबाई दिसल्या, डोक्यावर तीच पिवळी छत्रीची टोपी. आणि त्यांच्या शेजारी आपल्या चार जागा. चारही रिकाम्या. तुमचीसुद्धा.

कुठे होता तुम्ही?

फोनवर हेच विचारलं असतं, पण आपण दोघं फोन आपटतो म्हणून आत्याने फोनबंदी केलीय, ते बरंच आहे. कागद आपटता येत नाही.

पुढच्या वर्षासाठी किती जागा कळवू, असं विचारलंयत. माझं उत्तर: एकही नको. ट्रॅकवाले आणि संघवाले मालक आपसात भांडले, खेळाचे दोन तुकडे केले आणि आपापल्या बंगल्यावर गेले. त्यांना कुणाला उन्हात अॅल्युमिनियमवर बसावं लागत नाही. तुम्ही मात्र अजून त्यांची वर्गणी भरताय. सोडा सगळ्या.

लोभ आहे तेवढा राहू द्या. वाढवलात तर तो पोसायला इथे ओव्हरटाइम मिळत नाही.
आपला,
लॅनी

अँडरसन, इंडियाना
१५ जून

चि. लॅनी यास,
आशीर्वाद. या खेपेला हात जरा आखडून.

तू आता कॅमेऱ्यातून बापाची हजेरी घेणार? संडासच्या रांगेत होतो. रांग लांब होती. रांग लांब का असते हे दहावीत शाळा सोडलेल्यालाही कळायला हवं. माणसं पुष्कळ असतात म्हणून.

तुझ्या लिहिण्याचा अर्थ एवढाच की खेळ मेला. मारला कुणी? मालकांनी भांडण केलं, मान्य. नावाजलेले ड्रायव्हर रुसून गेले, तेही मान्य. पण ट्रॅक कुठे गेला होता? वळणं तीच, भिंत तीच, मे महिना तोच. ज्यांना ड्रायव्हर हवे होते ते ड्रायव्हरांमागे गेले, आणि ज्यांना शर्यत हवी होती ते थांबले. फूट पडली त्या वर्षी तू शर्यतीच्याच दिवशी, माझाच ट्रक घेऊन, मिशिगनला त्या फुटीरांची शर्यत बघायला गेलास. तिथे सुरुवातीचा हिरवा झेंडा पडायच्या आतच डझनभर गाड्या एकमेकांत घुसल्याचं कळलं, तेव्हा आमच्या सगळ्या रांगेने टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. ट्रक माझा होता.

आता हल्लीची पोरं झाकलेल्या चाकांच्या गाड्या बघतात. धडक मारा, भिंतीला घासा, पुढे चला. त्याला काय अक्कल लागते? उघडं चाक उघड्या चाकाला नुसतं शिवलं तरी गाडी हवेत जाते, म्हणून तिथे दोन इंचांचा मान ठेवावा लागतो. हे तुला सहाव्या वर्षी कळत होतं. खांद्यावर बसून तू मला सांगायचास की बाबा, तो निळा फार जवळ गेला.

जागांचं ऐक. तुझे आजोबा लढाईवरून आले तेव्हा त्यांना अगदी खालची रांग मिळाली, जिथे रबराचे तुकडे तोंडावर येतात. ते दरवर्षी मागणी लिहीत राहिले, आणि ट्रॅकवाले जुन्या गिऱ्हाइकाला एकेक पायरी वर सरकवत गेले. खांबाच्या डावीकडे पोचायला त्यांची आणि माझी मिळून सगळी उमेद गेलीय. आता आजोबा नाहीत. तुझी आई फ्लोरिडात नव्या नवऱ्याबरोबर. तू अलास्कात. फॉर्म पंधरा जुलैच्या आत गेला पाहिजे. एकदा सोडली की ती जागा दुसऱ्या कुणाच्या नावावर जाते. शेजारची तर पुन्हा कधीच मिळत नाही, मग तू ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला आणि मी या टोकाला.

मी चार म्हणत नाही. तू दोन म्हण, मी दोन लिहितो. पण दोन म्हणायचं तर मे महिन्यात यायचं. मासे जून-जुलैतही पोहतात.

कारखान्यात दुसरी पाळी बंद झाली. मी पहिलीत आहे, काळजी नसावी.

लोभाचं इकडे काही कमी झालेलं नाही, पण ते दरवेळी लिहायला लावू नकोस.
तुझा बाप,
मर्ल

अँडरसन
१६ जून

चि. लॅनी,
तुझ्या आत्याचे पुष्कळ आशीर्वाद, आणि एक चापट, टोपी न घालता बोटीवर उभा असलेला फोटो पाठवल्याबद्दल.

मर्लला न सांगता लिहितेय. काल पत्र टाकायला जाण्याआधी त्याने संडासच्या रांगेची बढाई मला वाचून दाखवली आणि हसला. मला हसू येईना.

लॅनी, तो आत गेलाच नाही. गाडी मी चालवत नेली होती. गेल्या वर्षी तो एकटा गेला, तर शेजारच्या तीन जागांवर लोकांनी डबे ठेवले, आणि एक परका माणूस बूट काढून पाय पसरून झोपला. सगळी रांग मर्लकडे बघत होती म्हणे. तेव्हाच त्याने ठरवलं की या वर्षी तीन माणसं बरोबर घेऊनच आत जायचं. इथलं कुणी यायला तयार झालं नाही. कारखान्यातल्या पोरांना फुकट देत होता, ती म्हणाली मर्ल, आम्हाला घरी दुसरी शर्यत बघायचीय, ती झाकल्या चाकांची.

मग तो फाटकाबाहेरच्या रस्त्यावर उभा राहिला. आठवतं ना तुला, तिथे पूर्वी कोण उभं राहायचं? पुठ्ठ्यावर तिकीट हवंय असं लिहून, किती हवीत तेवढी बोटं वर करून, भर उन्हात गयावया करणारे लोक. तुम्ही बापलेक गाडीची काच खाली करून त्यांना वेडावायचात. आता तोच तिकिटं वर धरून उभा. आधी पूर्ण किमतीला, मग निम्म्या, मग म्हणू लागला की अहो, घ्या, नुसते येऊन बसा. एका पोराने हसून खिशातून स्वतःची चार तिकिटं काढून दाखवली आणि विचारलं की आजोबा, माझी घेता का?

इतक्यात आत सुरुवात झाली. भिंतीपलीकडून आवाज आला तसा तो ताठ उभा राहिला, टोपी काढून. मी म्हटलं, जा, मर्ल, आत जा, अजून काही बिघडलेलं नाही. म्हणाला, पहिला पिवळा झेंडा लागला की जातो, तेव्हा सगळे उभे असतात, रिकाम्या जागा दिसत नाहीत. पिवळा लागला, तो गेला नाही. सगळी शर्यत आम्ही गाडीत बसून रेडिओवर ऐकली. गंमत अशी की गाड्या भिंतीपलीकडून आधी जायच्या आणि रेडिओवर मागाहून. टेंडरलॉइनचे, म्हणजे डुकराच्या तळलेल्या मांसाचे, सँडविच मी केले होते, तेही तसेच राहिले.

रात्री घरी टीव्हीवर लागली तेव्हा बसला बघायला. तिसऱ्या वळणावर कॅमेरा थांबला, तुला दिसलं ते त्यालाही दिसलं. ओपलबाई शेजारच्या जागेवर हात ठेवून होत्या, कुणी बसू नये म्हणून. ते तुला दिसलं नसेल. तो उठला आणि गवत कापायचं यंत्र घेऊन बाहेर गेला. अंधारात.

काय ते तुमचं दोघांचं. पण उत्तर दे. तो रोज पत्रपेटी दोनदा उघडतो.

माया कमी करू नकोस, तुझ्याकडे मुळात फार नाही.
व्हेल्मा आत्या

कोडियाक
२४ जून

ती. बाबांस,
नमस्कार, या वेळी भांडणाशिवाय. जमेल तितका वेळ.

संडासच्या रांगेचं मी पुन्हा काढणार नाही. तुम्हीही काढू नका. कसं कळलं ते विचारू नका, आणि जिच्यावर संशय येईल तिच्यावर ओरडू नका. तुम्हाला पहाटे उठून सँडविच करून देणारं त्या गावात दुसरं कुणी नाही.

उघड्या चाकांबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मी ते पत्र रोमुलोला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझे बाबा पाद्री आहेत का. मी म्हटलं, नाही, गाड्यांचे दिवे बनवायच्या कारखान्यात आहेत. म्हणाला, तिथे फुकट गेले.

फूट कुणी पाडली यावर आपण तीन वर्षं भांडतोय. मला अजूनही वाटतं, मालकांनी पाडली. तुम्हाला वाटतं, मी पाडली. पण भांडायला तरी दोघांना खेळ हवा असायला पाहिजे. इथे काय झालं ते सांगतो. तुमच्या शर्यतीत शंभरावी फेरी उलटली असेल नसेल, तेव्हा एक पोऱ्या मेसमध्ये आला आणि त्याने न विचारता चॅनल बदललं. कसला तरी बेसबॉल लावला. रोमुलोने माझ्याकडे बघितलं, आता हा उठणार म्हणून. मी अंडी खात राहिलो. शेवटपर्यंत उठलो नाही. कोण जिंकलं, जिंकल्यावरचं दूध कोण प्यायलं, ते मला तुमच्या पहिल्या पत्रातून कळलं, बाबा. मिशिगनला गेलो तेव्हा निदान रागाने गेलो होतो. या वेळी मला राग आला नाही. मी बसून वाट बघत होतो की आता येईल, आता येईल.

म्हणून दोन म्हणणार नाही. मी दोन म्हटलं तर तुम्ही दोन लिहाल, आणि मे महिना आला की मी काहीतरी कारण काढीन. ऑगस्टनंतर मी खेकड्यांच्या बोटीवर जातोय, पुढचं मलाच माहीत नाही. एका जागी माझं बूड टिकत नाही हे तुम्हीच आईला सांगायचात. आणि मग तुम्ही माझं तिकीट हातात धरून त्या रस्त्यावर उभे राहाल. कुणीतरी पोर तुम्हाला पुन्हा आजोबा म्हणेल. ते मला इथे बसून डोळ्यांसमोर येतं. मासे कापताना येतं, आणि इथला सुरा फार धारदार आहे. ते नको. त्यापेक्षा ती जागा दुसऱ्याच्या नावावर जाऊ दे. परका असला तरी माणूस बसेल तिथे. बूट काढून झोपला तर सांगा त्याला, ही झोपायची जागा नाही. तुम्हाला ओरडायला कुणीतरी लागतंच.

तुमची सोडू नका. मी मागच्या पत्रात सगळ्या सोडा म्हटलं, ते रागात म्हटलं नव्हतं. नुसता फटकळपणा होता. फॉर्मवर एक लिहा, आजच्या आज पाठवा, आणि मे महिन्यात आत जा. पिवळ्या झेंड्याची वाट बघू नका, सुरुवातीलाच जा, सगळ्यांच्या देखत. ओपलबाईंनी विचारलं की पोरगा कुठे, तर कामावर आहे म्हणून सांगू नका. त्याने शर्यत बघायची सोडली, असं सांगा. त्यांना वाईट वाटेल. वाटू दे. कुणाला तरी वाटायला पाहिजे.

लोभ तुमच्याकडे ठेवा, इथे दमट हवेत काही टिकत नाही.

फॉर्मसोबत भरायला मनीऑर्डर केली आहे. फक्त तुमच्या एका जागेचे, साठ डॉलर.
लॅनी