आतल्या खोलीतले स्पीकर

४ जानेवारी, रविवार

आवाजच नाही! चित्र भिंतीएवढं, माणसं तोंडं हलवतायत, आणि घरात ऐकू काय येतंय, तर फ्रिजची घरघर.

धाकट्या भावाने पाठवलेला नवा टीव्ही आणि बाबांचा जुना, चार स्पीकरांचा रिसीव्हर यांचं जमवायचं मी अंगावर घेतलं, तिथेच चुकलं. पण टीव्हीचा स्वतःचा आवाज म्हणजे अगदीच पिचका. बाबा आतून विचारतात, "माणसं बोलतायत की माश्या?" रिसीव्हरच्या पाठीला लाल-पांढरी भोकं ढीगभर, टीव्हीला एकही नाही. दोघांच्यात सारखं एकच – आवाज प्रकाशातून नेणाऱ्या वायरचं ते चौकोनी भोक. वायर आणली, खोचली. शांतता.

खुब्याचं हाड मोडल्यापासून बाबा पलंगावर आहेत. पण अक्कल शिकवायला पलंग आड येत नाही. "टोकाची टोपी काढलीस का?" टोकाला टोपी असते हेच मला माहीत नव्हतं. नखाएवढी, पारदर्शक. काढली. आत लाल उजेड दिसला. तरी शांतता. आज हात टेकले.

५ जानेवारी

जमलं!! टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'ऑटो'वर होता, म्हणजे तो या म्हाताऱ्या यंत्राला न कळणाऱ्या भाषेत बोलत होता. 'पीसीएम', म्हणजे साधा आवाज, केलं आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

त्यात पुढचे दोनच स्पीकर वाजतात, मागचे दोन मुके. मुके तर मुके. रिसीव्हरवर 'बी' नावाचं बटण आहे, दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरसाठी. मागचे दोन उचलले, बाबांच्या उशाच्या फळीवर ठेवले, वायर दाराखालून नेली. आता बाहेर टीव्हीवर जे लागेल ते त्यांना आत ऐकू येतं.

संध्याकाळी जुना सिनेमा लागला होता. बाबा डोळे मिटून ऐकत होते आणि नटाच्या आधी संवाद म्हणत होते. दारात उभी राहून मी रडले. किती दिवसांनी हसले ते.

८ जानेवारी

सकाळी दुकानात मालक म्हणाले, तुझा चेहरा आज बरा दिसतोय. औषधाच्या दुकानात हे ऐकायला मिळणं म्हणजे मोठीच गोष्ट.

११ जानेवारी, रविवार

धाकट्याचा व्हिडिओ कॉल – आता टीव्हीवरच. भिंतीवर त्याचं एवढं मोठं डोकं. आवाज तर असा की शेजारी बसलाय. बाबांची झोपमोड नको म्हणून त्यांचं दार घट्ट लावून घेतलं, आणि बरंच झालं. कारण विषय पुन्हा तोच. घर विकू, बाबांना चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू, तिथे चोवीस तास नर्स असते.

मी स्पष्ट सांगितलं – मी जिवंत आहे तोवर बाबा या घरातून हलणार नाहीत. खाली मान घालून "बरं बाई, तू म्हणशील तसं" म्हणाला. जिंकले! मग त्याने गोळीचं काढलं. झोपेची अर्धी देते म्हटल्यावर म्हणे, अख्खी दे की. मी म्हटलं, त्यांना विचारल्याशिवाय अर्ध्याची पाऊणही करणार नाही. "त्यांना कशाला कळायला हवं?" म्हणतो. असा राग आला मला.

बाबांना यातलं काही सांगणार नाही. उगाच जिवाला घोर.

१२ जानेवारी

बाबांनी गोळ्या देताना विचारलं, "ही कसली?" रोजचीच, रक्तदाबाची. "आणि ही?" झोपेची, अर्धी. हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. "अर्धीच आहे ना?" म्हणाले. म्हटलं, चष्मा देऊ का? हसले नाहीत.

१४ जानेवारी

जेवण तसंच. पोट बरं नाही म्हणतात. पण मी दुकानात असताना शेजारच्या काकू त्यांच्याजवळ बसतात. त्यांनी आणलेलं मात्र सगळं संपवलं! काकू खूश. मी म्हटलं, माझ्या हाताची चव गेली वाटतं. काकू हसल्या, बाबा भिंतीकडे बघत होते.

१६ जानेवारी

बाबा सिनेमा लाव म्हणत नाहीत. मी लावला तर बंदही करायला सांगत नाहीत. पडून असतात, कान देऊन. काय ऐकतात कोण जाणे.

त्यांचा पाय चेपायला बसले तर पाय आखडून घेतला. म्हणाले, "तू दमतेस फार. कळतं मला." माया वाटायला हवी होती. अंगावर काटा आला.

१८ जानेवारी, रविवार

कॉल. दार लावलं. धाकट्याला सांगितलं, बाबांचं काहीतरी बिनसलंय, माझ्याशी धड बोलत नाहीत, मला भीती वाटते. तो म्हणाला, वय झालं की असं व्हायचंच, तू मनाची तयारी कर. कसली तयारी? कॉल बंद केला, दार उघडलं. आत गेले तेव्हा बाबा टक्क जागे.

२१ जानेवारी

आज डॉक्टर आले. रक्तदाब फार वर. "गोळ्या नियमित चालू आहेत ना?" म्हटलं, मी स्वतः देते, स्वतःच्या हाताने. बाबा छताकडे बघत होते. डॉक्टर म्हणाले, हे असंच राहिलं तर एखाद्या दिवशी अर्धं अंग जाईल.

संध्याकाळी बाबांच्या उशाचा पाण्याचा थर्मास धुवायला घेतला. तळाशी विरघळलेला पांढरा गाळ. गोळ्या! सगळ्या. रक्तदाबाच्याही.

विचारलं. नाही म्हणाले. लहान मूल कसं नाही म्हणतं, तसं. आणि माझ्या हाताकडे बघत राहिले, जणू तो आता उठणार आहे. माझा हात! ज्याने रोज यांना पुसते, भरवते. मी काय केलंय?

२५ जानेवारी, रविवार

कळलं. देवा, कळलं.

एरवी कॉलच्या वेळी मी बाहेर टीव्हीसमोर बसलेली असते. आज चादर बदलायला उशीर झाला म्हणून बाबांच्या खोलीत होते. आणि कॉलची घंटा वाजली – त्यांच्या उशाशी, फळीवर. बाबांनी वर बघितलं. मग माझ्याकडे. चोराने पोलिसाकडे बघावं तसं.

स्पीकरवर टीव्हीचा आवाज येतो. धाकटाही टीव्हीतूनच बोलतो. एवढं साधं, आणि माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या मते टीव्ही म्हणजे सिनेमा आणि बातम्या. आणि माझा आवाज? तो बाहेरच्या खोलीत, लावलेल्या दाराच्या अलीकडे. दार मीच तर लावत होते.

म्हणजे त्या रात्री त्यांनी ऐकलं ते एवढंच –

"तुझ्या एकटीवर सगळं पडलंय, कळतं गं मला."

"घर काय, आज ना उद्या विकायचंच आहे. चांगला वृद्धाश्रम बघू, तिथे चोवीस तास नर्स असते."

"बरं बाई, तू म्हणशील तसं."

"अर्धी कशाला? अख्खी दे की."

"त्यांना कशाला कळायला हवं?"

आणि पुढच्या रविवारी – "तू मनाची तयारी कर." हे ऐकून मीही माझ्या हातचं पाणी प्याले नसते.

धाकट्याचा कॉल घेतलाच नाही. पलंगाजवळ बसून बाबांना सगळं सांगितलं. तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, एकेक वाक्य. रडत सांगितलं. त्यांचा हात धरून म्हटलं, मी तुम्हाला कुठेही पाठवणार नाही. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "असं होय. मलाही वाटलंच होतं, तू असं करणार नाहीस."

मग जेवले! माझ्या हातून, सगळं. गोळ्या घेतल्या आणि तोंड उघडून जीभ उचलून दाखवली. मी दाखवा म्हटलं नव्हतं. म्हटलं, बाबा, हे काय? तर म्हणाले, "तुझी खात्री पटावी म्हणून."

ते स्पीकर लगेच खाली उतरवले, वायर ओढून काढली. पुन्हा भानगड नको. बाबा म्हणाले, "काढतेस? बरं. काढ."

२६ जानेवारी

आज दिवसभर किती गोड वागले! प्रत्येक घासाला "छान झालंय". दुकानात निघाले तर "सावकाश ये" म्हणाले. छातीवरचा दगड उतरला. रक्तदाब उद्या बघायचा, पण खाली आलेला असणार.

२७ जानेवारी

दुकानात धाकट्याचा फोन आला. आवाज वेगळाच. "ताई, तू बाबांना नक्की काय केलंस?" काल मी निघाल्यावर बाबांनी त्याला फोन केला होता. कुजबुजत बोलत होते म्हणे. "तुमचं दोघांचं बोलणं मी ऐकलं, हे तिला कळलंय. ऐकायचं होतं तेही तिने काढून टाकलं. आता ती देईल ते मी मुकाट्याने खातो. तू निदान वृद्धाश्रम तरी म्हणत होतास, तिथे मला ने. पण लवकर ये, आणि तिला कळू देऊ नकोस."